रात्री दोनला कूस कोण बदलतं?

नमस्कार श्रोतेहो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमा, व्हायचेच, त्याला कोण काय करणार, असं म्हणणारे आजही भेटतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे शार्को, मज्जाविकारांतले एवढे मोठे डॉक्टर, तेही जवळपास असंच मानायचे. मज्जारज्जूला इजा झाली की त्या जखमा अटळ, शुश्रूषेने फारसा फरक पडायचा नाही.

हे चूक होतं, हे एका माणसाने इतक्या हट्टाने दाखवून दिलं की ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

लुडविग गुटमान. जर्मनीतले ज्यू डॉक्टर. नाझींच्या छळामुळे १९३९ साली बायकोमुलांना घेऊन इंग्लंडला आले. फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मॅन्डेविल इथल्या रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेल्यांचा एक विभाग त्यांच्या हाती सोपवण्यात आला. रुग्ण कोण, तर युद्धात जखमी झालेले तरुण सैनिक. कमरेखालचं अंग गेलेलं. अशा रुग्णाला तेव्हा प्लास्टरमध्ये जखडून ठेवायचे, आणि तो फार दिवस काढेल अशी आशा कोणी धरत नसे. कणा मोडला म्हणून हे लोक जात नसत हं. जात ते बेडसोर चिघळून आणि लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होऊन.

गुटमान यांनी प्लास्टर काढायला लावलं. आणि नियम घातला: दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची. दिवसा बदलायची आणि रात्रीही बदलायची. आता दिवसाचं ठीक आहे, हो, साहेब समोर असतात. रात्रीचं काय? तर हे गृहस्थ मध्यरात्री स्वतः वॉर्डात येऊन उभे राहत! कूस बदलली का, बघायला. कर्मचारी वैतागत असणार, झोपमोड झालेले रुग्णही वैतागत असणार. पण जखमा भरू लागल्या, नव्या होईनात, आणि मरायला पाठवलेली पोरं उठून बसली. बसली ती नुसती बसली नाहीत. २९ जुलै १९४८ ला लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं ना, त्याच दिवशी इकडे रुग्णालयाच्या आवारात १६ जणांनी चाकांच्या खुर्चीत बसून तिरंदाजीची स्पर्धा खेळली. तिथूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. पदकांचा सोहळा आपण टीव्हीवर बघतो, पण त्याच्या मुळाशी रात्री दोनला कुणीतरी कुणाची तरी बदललेली कूस आहे.

टीव्हीवरून आठवलं. वृद्धाश्रमांतून तो दिवसभर मोठ्याने चालू असतो, आणि ज्याला मानही वळवता येत नाही त्याच्या समोरच असतो. आवडतो का, हे एकदा विचारावं तरी! असो.

तर मूळ मुद्दा. कूस बदलायची. रात्रीसुद्धा बदलायची. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपते. नळीवर पाय ठेवला की पाणी थांबतं, तसं तिथलं रक्त थांबतं. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर, डोक्याची मागची बाजू, ही ठिकाणं रोज अंग पुसताना उजेडात बघायची. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर फिका पडला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर आत इजा सुरू झालीय. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम, टणक किंवा फुगीर लागतं का ते पाहा. आणि त्या जागी चोळू नका. मालिश तर मुळीच नको, आतलं नाजूक मांस आणखी दुखावतं.

कुशीवर पूर्ण आडवं नाही करायचं, खुब्यावर भार येतो. पाठीमागे उशी देऊन अंदाजे तीस अंश कलतं ठेवायचं. टाचांसाठी उशी पोटरीखाली द्यायची, टाच अधांतरी राहिली पाहिजे. मध्ये भोक असलेल्या रिंगा वापरू नका, कडेचा रक्तप्रवाह त्या अडवतात. वर सरकवताना ओढायचं नाही, दोघांनी चादरीसकट उचलायचं. ओलं डायपर लगेच बदलायचं. जेवणात प्रथिनं हवीत.

दोन तासांचा आकडा आता सगळ्यांना सरसकट लावत नाहीत. गादी कशी आहे, कातडी कशी आहे, हे बघून नर्स वेळ ठरवते. खुर्चीत बसलेल्यांना मात्र त्याहून लवकर हलवावं लागतं. हवेची गादी आणली तरी कूस बदलायचीच. हे पुन्हा सांगतो: हवेची गादी आणली तरी कूस बदलायचीच. गादी आणून दिली, आपलं कर्तव्य झालं, असं समजणारी मुलं मला फार भेटतात.

आश्रम निवडायला गेलेले लोक बाग बघतात, भिंतींचा रंग बघतात. मी म्हणतो, रात्रपाळीला किती माणसं असतात ते विचारा. एकट्या मावशीवर अख्खा मजला टाकायचा आणि वर तिच्याच नावाने बोटं मोडायची, हे मला पटत नाही. जड माणसाला एकटीने वळवून बघा म्हणजे कळेल.

खाटेपाशी एक तक्ता टांगलेला असावा. वेळ, डावी, पाठ, उजवी, खाली सही. भेटायला गेलात की तो वाचा. सगळ्या सह्या एकाच पेनाने, एका दमात केलेल्या दिसल्या, तर चादर बाजूला करून टाचा स्वतः बघा.