उभे राहिल्यावर वाढणारे दुखणे

श्रोतेहो, नमस्कार. आज ज्या अवयवांविषयी मी बोलणार आहे, त्यांचे नाव घरात सहसा घेतले जात नाही आणि या संकोचामुळेच अनेकांचे उपचार वर्षानुवर्षे लांबणीवर पडतात. स्त्री-पुरुषांच्या जननेंद्रियांभोवती नीलांचे, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरांचे, दाट जाळे असते. त्या फुगल्या की होणारा त्रास बहुधा उभे राहिल्यावर वाढतो आणि आडवे झाल्यावर कमी होतो.

पुरुषाच्या वृषणाभोवतीचे जाळे द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखे दिसते, म्हणून शरीरशास्त्रात त्याला त्याच अर्थाचे लॅटिन नाव आहे. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी वृषणाचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा २ ते ४ अंश सेल्सियसने कमी असावे लागते. वृषणाकडे उष्ण रक्त आणणाऱ्या धमनीला हे जाळे वेढून असते आणि परतणारे थंड रक्त त्या धमनीतील उष्णता वाटेतच काढून घेते. मला ही रचना शरीरातील अत्यंत सुंदर रचनांपैकी एक वाटते.

या नीला फुगून वेड्यावाकड्या झाल्या की त्या विकाराला व्हॅरिकोसील म्हणतात. सुमारे १५ टक्के पुरुषांत तो आढळतो आणि बहुतेकदा डाव्या बाजूलाच. उजव्या वृषणाची नीला शरीरातील मुख्य महानीलेला तिरकी मिळते, तर डावी अधिक लांब असून डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेला जवळजवळ काटकोनात मिळते. रक्ताचा हा उंच स्तंभ पेलणाऱ्या नीलेतील झडपा निकामी झाल्या, की रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरून साचते. रुग्णाला उभे करून तपासल्यास हाताला गांडुळांच्या गाठोड्यासारखा स्पर्श जाणवतो. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत अनेक तरुणांना हा शब्द प्रथमच ऐकायला मिळतो आणि ते हादरून जातात. परंतु वेदना नसतील, वृषणाचा आकार आणि वीर्यतपासणी ठीक असेल, तर प्रकृतीच्या दृष्टीने बहुधा नुसती देखरेख पुरते.

मूल होत नसेल तेव्हा मात्र हा विकार विसरून चालणार नाही. वंध्यत्वासाठी तपासल्या गेलेल्या पुरुषांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांत तो आढळतो. तरीही आपल्याकडे तपासण्यांचा भार आधी पत्नीवर पडतो आणि पतीची साधी वीर्यतपासणी सर्वांत शेवटी होते. हा अन्याय आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन. हाताला लागणारा व्हॅरिकोसील आणि वीर्यातील दोष दोन्ही असतील, तर सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रियेने फुगलेल्या नीला बांधता येतात किंवा क्ष-किरणांच्या साहाय्याने नळी घालून त्या आतून बंद करता येतात. शुक्राणू तयार होण्यास अडीच महिन्यांच्या आसपास काळ लागत असल्याने, परिणाम दिसण्यास ३ ते ६ महिने थांबावे लागते. एक इशारा मात्र लक्षात ठेवावा: फक्त उजव्या बाजूला नव्याने आलेली किंवा आडवे झाल्यावरही न ओसरणारी सूज असेल, तर पोटातील गाठ नीला दाबत नाही ना, हे सोनोग्राफीने पाहिलेच पाहिजे.

स्त्रियांमध्ये गर्भाशय आणि बीजांडकोशाभोवतीच्या नीला अशाच फुगतात. गरोदरपणात त्यांतील रक्ताचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते, त्यामुळे एकाहून अधिक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत हा त्रास अधिक दिसतो. ओटीपोटात जडपणा, दिवसभर उभ्याने काम केल्यावर संध्याकाळी वाढणारी दुखरी ओढ, पाळीपूर्वीचे आणि शरीरसंबंधानंतर रेंगाळणारे दुखणे, कधी मांडीवर किंवा योनिमुखाशी दिसणाऱ्या फुगलेल्या शिरा, अशी याची लक्षणे असतात. पोटात दुर्बीण घालून तपासणी करताना रुग्ण आडवी असते आणि पोटात वायू भरलेला असतो. नीला रिकाम्या होतात आणि सारे ठीक असल्याचे सांगितले जाते. मग ‘मनाचे दुखणे’ असा शिक्का बसतो. भगिनींनो, ६ महिन्यांहून अधिक काळ असे दुखत असेल, तर ते केव्हा वाढते आणि केव्हा थांबते, हे डॉक्टरांना शब्दशः सांगा, आणि रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीने नीलांची तपासणी करता येईल का, असे विचारा. संप्रेरकांची औषधे काहींना उतार देतात. फुगलेली नीला आतून बंद करण्याचा उपाय इथेही उपलब्ध आहे.