पान खाणारा आणि पान शिवणारी

नमस्कार श्रोतेहो. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना वानरांची ओळख करून द्यायला नको. काळं तोंड, अंगाहून लांब शेपूट, आणि हरभरा घाट्यांवर आला की कळप शेतात हजर! शिंपी पक्षी मात्र अंगणातल्या पेरूवर असूनही पुष्कळांना दिसत नाही. या दोघांची तुलना वजनावरून करू नका. १६ किलोचा वानर तराजूत बसवला, तर दुसऱ्या पारड्यात ८ ग्रॅमचे २,००० शिंपी लागतील! तुलना करायची ती पानावरून.

वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं. आपल्याला मुळीच न पचणारं जून पान तिथले जिवाणू आंबवतात, तेव्हा कुठे ते त्याच्या अंगी लागतं. दुपारी सावलीत कळप सुस्त बसलेला दिसतो ना, त्याला आळशी म्हणू नका. पोटात काम चालू असतं. म्हणूनच देवळापाशी पेढे-बिस्किटं चारणं मला पटत नाही. साखर त्या पोटात भराभर आंबते आणि आम्ल वाढतं.

शिंपिणीला मात्र पान जिवंत हवं. शिवणकाम तिचंच, नराचं नव्हे. देठ न तोडता ती रुंद पान वळवते, कडांना चोचीनं भोकं पाडते आणि त्यांतून कोळ्याचं जाळं नाहीतर कापसाचा तंतू ओढून घेते. गाठ मारत नाही. भोकाबाहेर तंतू पिंजून फुगतो आणि तिथंच अडकतो. पान हिरवंच राहतं, त्यामुळे घरटं बाकीच्या पानांत लपून जातं. आत मऊ अस्तर. आणि खान्देशात कापसाला काय तोटा!

हे घर फार दिवस टिकावं लागत नाही. अंडी साधारण १२ दिवसांत फुटतात, पुढच्या दोनेक आठवड्यांत पिल्लं उडून जातात. वानराचं पिल्लू वर्षभर तरी अंगावर पितं, तान्हं असताना कळपातल्या इतर माद्यांच्या हातोहात फिरतं.

आवाजात शिंपी त्याला हार जात नाही. वानराची ‘खॉक्’ म्हणजे बिबट्या दिसल्याची वर्दी, सगळं रान सावध होतं. शिंप्याचं ‘टुविट्-टुविट्’ इतकं खणखणीत, की ओरडणारा एवढासा असेल हे खरं वाटत नाही.

पावसाळ्यात कुंपणाची छाटणी करताना एखादं पान द्रोणासारखं वळलेलं दिसलं, तर कात्री लावण्याआधी त्याच्या कडेला कापसाचे पांढरे ठिपके आहेत का, तेवढं पाहून घ्या.