वायफायचा दिवा शेवटी बघा

नेट बंद पडलं की घराघरातून एकच हाक येते, 'वायफाय गेलं!' बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं. फायबरच्या राउटरवर वायफायचा दिवा हिरवागार लुकलुकत असतो आणि तो खोटंही बोलत नसतो. डबीतला रेडिओ चालू आहे, एवढंच तो सांगतो. मागून नेट येतंय की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि त्यावरचं '५जी' म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झ. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा संबंध नाही.

म्हणून सुरुवात पॉवरपासून करा. मग पॉन (कंपनीकडच्या यंत्राशी जोडणीचा दिवा) आणि एलओएस (प्रकाश न आल्याचा इशारा), मग इंटरनेट, शेवटी लॅन (केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरचा दिवा) आणि वायफाय. या ओळीत जिथे पहिल्यांदा गडबड दिसेल, तिथेच थांबा. रंग कंपनीगणिक बदलतात, क्रम बदलत नाही.

एलओएस हा विझलेलाच बरा. तो लाल लुकलुकू लागला, की काचेच्या तारेतून प्रकाश पोचत नाही असं समजा. राउटर दहादा बंद-चालू करून हे सुटत नाही. तार कपाटामागे चेपली आहे का, बघा. चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान वेटोळं झालं असेल तर मोकळं करा. साध्या फायबरला साधारण ३० मिलिमीटर त्रिज्या लागते, त्याहून आवळलं की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. मग कनेक्टर. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरव्याच्या जागी निळा खटकन बसतो, पण टोकाला टोक भिडत नाही. टोक बोटाने किंवा शर्टाने पुसू नका, बोटाचं तेल ते खराब करायला पुरतं. आणि त्यात डोकावून तर मुळीच बघू नका: जीपॉनमध्ये, म्हणजे घरोघरच्या फायबरच्या एका पद्धतीत, घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा.

एलओएस विझलेला, पण पॉन लुकलुकतच राहिला? मग प्रकाश येतोय, पण कंपनीकडचं यंत्र आपल्या राउटरला ओळख देत नाही. शेजाऱ्याचा राउटर आणून लावला की हमखास हेच होतं, कारण नोंद सीरियल नंबरवर असते. दुसरं कारण प्रकाश अशक्त असणं. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे पोचलेल्या प्रकाशाची ताकद, बघा: उणे २० डीबीएमला (ताकदीचं माप) निश्चिंत, उणे २७ ला काठावर.

पॉन स्थिर आणि इंटरनेट लाल असेल तर तार ठीक आहे. रिचार्ज संपलाय का, युजरनेम-पासवर्ड बरोबर आहे का, ते तपासा. इथेच लोक टाचणीने रिसेटचं भोक दाबतात आणि आत भरलेला युजरनेमही पुसून बसतात.

लॅनचा दिवा लागलाय, प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, पण कॉम्प्युटरवर वेग ९५ च्या वर जात नाही? गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच. उरलेल्या चारांपैकी एखादी प्लगमध्ये सुटली की जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते आणि दिवा मात्र लागलेलाच राहतो. प्लग कापून नवा क्रिंप करून घ्या.