मुठीचा वास घेऊन बघा

नमस्कार मंडळी! रेडिओ चालू राहू दे, पण ऐकता ऐकता एक काम करा. घरात बॅट, रॅकेट, हॉकी स्टिक, जे काय दारामागे उभं असेल ते उचला आणि त्याच्या मुठीचा वास घ्या. हसू नका, खरंच घ्या. मी थांबतो.

घेतला? दोन दिवस बुटात राहिलेल्या ओल्या मोज्यांसारखा आला ना? तर आज ह्या वासावरच बोलायचंय, म्हणजे ग्रिप, मुठीवर गुंडाळलेलं ते आवरण, साफ कशी करायची आणि मुख्य म्हणजे कशी नाही करायची.

मी पुण्यात रॅकेटचं गटिंग करतो, म्हणजे रॅकेटची जाळी विणतो, जोडीला बॅटींची किरकोळ दुरुस्ती, बरीच वर्षं झाली आता. रॅकेट काउंटरवर आली की गिऱ्हाईक तुटलेल्या गट्सकडे बोट दाखवतं आणि माझा हात मात्र आधी मुठीकडे जातो. तिथं कळतं माणूस कसा खेळतो, किती घामेजतो, आणि घरी गेल्यावर बॅग उघडतो की नाही ते.

गेल्या पावसाळ्यात, ऑगस्ट असेल, एक आजोबा नातीला घेऊन आले. नात बारा-तेरा वर्षांची, रोज बॅडमिंटनच्या क्लासला जाणारी. म्हणाली, "काका, स्मॅश मारताना रॅकेट हातात फिरते." आजोबा लगेच, "अहो दर महिन्याला नवीन ग्रिप घालून देतो की हो मी हिला, तरी फिरते म्हणजे काय?" मी मूठ धरली तर ती मूठ कसली, मुसळ झालं होतं तिचं. मूळ ग्रिपवरून गुंडाळायची पातळ पट्टी असते ना, ओव्हरग्रिप, तर ओव्हरग्रिपवर ओव्हरग्रिप, तिच्यावर परत ओव्हरग्रिप. एकेक सोडवत गेलो, चौथी निघाली तेव्हा खाली कंपनीची मूळ ग्रिप दिसली, ती एकेकाळी पिवळी होती म्हणे, मला काळीच दिसली, आणि तिचा पापुद्रा बोटाला चिकटून येत होता, गुळाचा पाक येतो ना तसा. ती पण काढली. मुठीच्या बुडाशी ग्रिप ठोकायची बारीकशी पिन असते, ती गंजून तांबडी झालेली, भोवती लाकडावर गंजाचा डाग, आणि लाकूड हाताला गार लागत होतं. गार म्हणजे ओलं. नख दाबलं तर रुतलं!

मी विचारलं, "धुता का हो ही?"

"धुतो की. दर रविवारी नळाखाली, साबण लावून. स्वच्छ नको का ठेवायला?"

आता ह्यावर काय बोलणार, माणूस काळजीपोटीच करत होता सगळं. पण मंडळी, ग्रिपचा खरा वैरी मळ नाहीये, ओल आहे. मळकी ग्रिप फार तर दिसायला वाईट दिसेल, ओली राहिलेली ग्रिप रॅकेटच खाते. कारण बॅडमिंटनच्या रॅकेटला कार्बन फायबर, ग्रॅफाइट कितीही मोठी मोठी नावं असू देत, ग्रिपच्या आत मूठ असते ती बहुतेक वेळा साधी लाकडाची. आठ बाजू असलेली. लाकूड पाणी पितं, फुगतं, वाळलं की आकसतं, असं चार महिने चाललं की मूठ सैल, मग ती फिरणारच, वरून हजार ग्रिपा गुंडाळा.

बरं हा मळ असतो तरी काय? एक गंमत सांगतो, आपल्या तळहाताला घामाच्या ग्रंथी भरपूर असतात पण तेलाच्या ग्रंथी नसतातच. म्हणजे तळहातातून येतं ते पाणी आणि मीठ. मग ग्रिपवर तो काळा मेणचट थर चढतो कुठून? तर आपण दर पॉइंटनंतर कपाळ पुसतो, केस मागे घेतो, केसांना खोबरेल, तोंडाला सनस्क्रीन, आणि मध्येच कुणीतरी वडापाव आणलेला असतो, तो खाऊन हात चड्डीला पुसून माणूस परत कोर्टवर! तेल असं येतं, त्यावर धूळ बसते, मग घाम, मग परत धूळ. म्हणून खेळताना घाम पुसायला वेगळा रुमाल किंवा मनगटाला बँड ठेवला तर अर्धी साफसफाई करावीच लागत नाही. हे मी फुकट सांगतोय, धंद्याचं नुकसान करून.

तर आता करायचं कसं. बॅडमिंटनच्या, टेनिसच्या हल्लीच्या गुळगुळीत ग्रिपा असतात त्या पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या, एक प्रकारचं प्लास्टिकच. खेळून आलात की लगेच, आंघोळीच्या आधी, एक सुती फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळा, इतकं की त्यातून थेंब पडता कामा नये, आणि ग्रिप ज्या दिशेने गुंडाळलीय त्याच दिशेने पुसत वर या, उलट्या दिशेने घासलं तर कडा उचकटतात. मेणचटपणा असेल तर त्या फडक्याला भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, मग परत नुसत्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने एकदा, मग कोरड्याने, आणि मग पंख्याखाली उघडी ठेवायची. बॅगेत नाही, कव्हरमध्ये नाही, स्कूटरच्या डिकीत तर अजिबात नाही. एवढंच आहे. दोन मिनिटं लागतात, पण आपल्याकडे रोजची दोन मिनिटं कुणाला नकोत, रविवारी दोन तास घालवायला सगळे तयार.

ही पीयू ग्रिप कशी मरते ते पण ऐका, कारण ते लोकांना माहीत नसतं. तुमचे लग्नाकार्याचे ठेवणीतले बूट दोन-चार वर्षं खोक्यात राहतात आणि एक दिवस मांडवातच त्यांच्या सोलचा भुगा होतो, झालंय ना असं कुणाचं तरी? तो सोल बहुतेक पीयूचाच असतो. दमट हवेत हे मटेरियल आतल्या आत तुटत जातं, न वापरता सुद्धा. ग्रिपचं तेच. आधी चिकट होते, मग सोलपटं निघतात. तशी चिकट झालेली ग्रिप घासून परत चांगली होत नाही, ती काढून टाकायची. त्यावर टाल्कम पावडर मारून दिवस ढकलणारे आहेत, चार दिवस बरं वाटतं आणि मग पावडर आणि घाम मिळून जी लापशी होते, देवा!

आणि सॅनिटायझर. 2020 नंतर ही एक नवीन साथ आली, क्लासमध्ये रॅकेट बदलली की फुस्स करून सॅनिटायझर मारायचं. हाताच्या सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घालतात, अल्कोहोल उडून जातं पण ग्लिसरीन ग्रिपवरच बसतं आणि ते हवेतली ओल धरून ठेवतं. मी अशा ग्रिपा बघितल्यात की हाताला चिकटून रॅकेट सोडवावी लागते. थिनर, पेट्रोल, रॉकेल तर नावच काढू नका.

ओव्हरग्रिप मात्र साफ करत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती वापरून फेकायचीच वस्तू, साबण लावला की वरचा पकड देणारा थर जातो आणि मग उरते ती नुसती गुळगुळीत पट्टी. जुनी काढा, नवीन घाला, पण जुनी का-ढा! आणि नवीन घालायच्या आधी खालची ग्रिप पुसून रात्रभर उघडी राहू द्या. टॉवेल ग्रिप ज्यांची आहे, म्हणजे ती टर्किश टॉवेलसारखी सुती असते ती, त्यांनी तर पाणीच लावायचं नाही, पाठीमागचा गोंद सुटतो. पूर्ण वाळली की जुन्या टूथब्रशने उभी-आडवी विंचरायची, दबलेले धागे उठतात, थोडे दिवस आणखी मिळतात. बुरशीचे काळे ठिपके दिसले की मात्र माया करू नका.

मूळ ग्रिप काढल्यावर लाकडाला जो गोंद राहतो त्याला लोक चाकू लावतात. नका लावू. हेअर ड्रायर लांबून थोडा फिरवा, कोमट झालं की अंगठ्याने चोळून गोळ्या गोळ्या होऊन निघतो. पॉलिश पेपर मारायचाच झाला तर बारीक आणि अगदी हलक्या हाताने, कारण त्या आठ कडांवरूनच हाताला अंधारात पण कळतं की रॅकेटचं तोंड कुठे आहे. कडा गोल झाल्या की बॅकहँडला अंदाज चुकायला लागतो आणि पोरगं म्हणतं फॉर्म गेला.

पूर्वी हे प्रश्न नव्हते असं नाही बरं का. आमच्या पुण्यात 1873 साली बॅडमिंटनचे नियम पहिल्यांदा लिहिले गेले असं सांगतात, खेळाला तेव्हा पूनाच म्हणायचे, आणि आपले सांगलीचे बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर 1956 साली मलायात, म्हणजे आताच्या मलेशियात, जाऊन सेलांगरची स्पर्धा जिंकून आले त्या काळात लाकडी रॅकेटी होत्या आणि मुठीला चामडं. चामड्याला पाणी लागलं की ते वाळल्यावर कडक होणार आणि तडकणार, त्यामुळे जुनी माणसं मूठ धुवायची नाहीत, कोरड्या फडक्याने पुसायची. म्हणजे बघा, जे त्यांना कळत होतं ते आपण प्लास्टिक आल्यावर विसरलो.

आता क्रिकेटवाले म्हणतील आमचं काय. तर ऐका माझीच फजिती. मी नववीत असताना मामाने मला सीझनची, म्हणजे लेदरच्या चेंडूने खेळायची बॅट घेऊन दिली, त्याआधी आम्ही सायकलची फाटकी ट्यूब कापून दांड्यावर चढवणारी मंडळी, त्यामुळे लाल रबरी ग्रिपची बॅट म्हणजे काय अप्रूप! दोन महिन्यात ग्रिप काळी पडली. मी काय केलं, बादलीत कपड्यांचा सोडा कालवला आणि बॅट उलटी करून हँडल बुडवून ठेवलं, तासभर. ग्रिप लालभडक निघाली! सगळ्यांना दाखवून आलो. पंधरा दिवसांनी बॅट आवाज करायला लागली, चेंडू लागला की हँडलमधून किर्र. कारण बॅटचं हँडल म्हणजे अखंड काठी नसते, वेताच्या पट्ट्या गोंदाने एकत्र चिकटवलेल्या असतात, झटके कमी बसावेत म्हणून मधेमधे रबर, बाहेरून दोरा घट्ट गुंडाळलेला. पाणी ग्रिपच्या वरच्या तोंडातून आत शिरलं आणि रबरी नळीच ती, आत गेलेलं पाणी बाहेर येणार कुठून! दोरा सैल, गोंद ढिला. मामाला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, बॅटच हलकी होती म्हणालो.

म्हणून रबरी ग्रिप साफ करताना बॅट आडवी धरा, हँडल जरा खाली झुकलेलं, म्हणजे ओघळ पात्याकडे आणि सांध्याकडे जाणार नाही. टूथब्रश ओला करून झटकायचा, त्यावर लिक्विडचा थेंब, आणि खाचांमधून फिरवायचा, त्या तिरक्या रेघांच्या खाचांतच सगळी माती असते, फेस आला की ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा. वाळवायची सावलीत. गच्चीवर उन्हात ठेवली तर रबर कडक होऊन बारीक भेगा पडतात. आणि बॅटचं तेल हँडलला लावू नका, ते पात्यासाठी असतं. तेल लावून पकड कुणाला मिळालीय? मल्लखांबाला एरंडेल चोळतात ते घर्षण कमी व्हावं म्हणून. ग्रिप कडक झाली, फिरायला लागली तर सरळ बदला, आमच्यासारख्याकडे लाकडी कोन असतो, त्यावरून नवीन ग्रिप अर्ध्या मिनिटात चढते. जुनी कापताना ब्लेड आतल्या दोऱ्याला लागू देऊ नका एवढंच.

टेबल टेनिसवाल्यांनी बॅटचं रबर खुशाल पुसावं, पण उघड्या लाकडी मुठीला पाण्याचं बोट नको. जिमच्या डंबेलच्या खरखरीत दांड्याला कोरडा नायलॉनचा ब्रश. झालं.

हवेचा पण विचार करा. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर ग्रिप पंख्याखाली ठेवूनही नीट वाळत नाही, तिथं रात्री वर्तमानपत्राचा कागद मुठीभोवती गुंडाळून ठेवा, ओल ओढून घेतो, सकाळी काढून टाकायचा. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात ओलीची भीती नाही, तिथं बॅट बंद गाडीत विसरू नका म्हणजे मिळवलं.

हां, त्या मुलीचं राहिलंच. मूठ दोन दिवस उघडी ठेवली, पिन काढली, मऊ झालेला भाग फारसा खोल नव्हता तो बुजवला, खाली एकच ग्रिप आणि त्यावर एकच ओव्हरग्रिप. मूठ एकदम सडपातळ झाली, तिने दोनदा हवेत फिरवून बघितली आणि म्हणाली, "ही माझीच आहे ना?" आजोबांना सगळं समजावून सांगितलं, पिळलेलं फडकं, पंखा, नळ बंद. त्यांनी चिठ्ठीवर लिहून पण घेतलं.

आठवड्याने त्यांचा फोन. "अहो, तुम्ही सांगितलं तसंच करतोय रोज, मूठ अगदी कोरडी आहे, पण वास काही जाईना घरातला."

म्हटलं, "आजोबा, बॅग उघडा जरा."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग चेन उघडल्याचा आवाज आला, आणि मग आजोबा म्हणाले, "अगं बाई, हा टॉवेल कधीचा आहे गं?"