श्वास रोखू नकोस

श्रोतेहो, नमस्कार. उन्हाळ्यात आपल्या नागपूरच्या जलतरण तलावांवर मुलांचा एक आवडता खेळ चालतो. नाक दाबून पाण्याखाली बसायचे आणि कोण जास्त वेळ श्वास रोखतो ते पाहायचे. माझी मुलगी त्यात पटाईत होती, पण स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणे, शिकू लागल्यावर पहिल्याच दिवशी तिला ही सवय मोडावी लागली.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पाठीवरच्या टाकीत असते ती दाबून भरलेली साधी हवा, निव्वळ ऑक्सिजन नव्हे. ती आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने तोंडात येईल अशी सोय रेग्युलेटर, म्हणजे टाकीला जोडलेले तोंडात धरायचे उपकरण, करतो. नौदल अधिकारी कुस्तो आणि अभियंता गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये तयार केलेल्या उपकरणाचे तत्त्वही हेच होते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा वर येताना फुगत जाऊन दुप्पट जागा मागते, आणि मुलाने श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, अगदी तलावाच्या दीड-दोन मीटर पाण्यातूनसुद्धा. म्हणून श्वास अखंड चालू ठेवणे, हा स्कूबातला सर्वांत मोठा नियम.

हे आम्हांला आधी कोणी सांगितले नव्हते. मालवणला सहलीत गेलो असताना एका ठिकाणी जेमतेम पाच मिनिटांची माहिती देऊन तिला पाण्यात उतरवले, कान दुखू लागल्याने ती रडतच वर आली, आणि तिच्या हट्टाला होकार दिल्याची खंत मला आजही आहे. खरे तर नाक चिमटीत धरून नाकातून हळूच हवा ढकलायची आणि हे कान दुखण्याआधीच, थोड्या थोड्या खोलीवर करत राहायचे, एवढे तिला शिकवले असते तर ती वेळ आली नसती. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नये.

स्कूबा शिकवणाऱ्या पाडी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांप्रमाणे आठव्या वर्षी मुलांना उथळ तलावात, दोन मीटरपर्यंत, अनुभव घेता येतो. रीतसर प्रशिक्षण दहाव्या वर्षापासून, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांना बारा मीटरपेक्षा खोल नेत नाहीत. तेव्हा पालकहो, घाई करू नका. मूल स्वतःहून 'नको' म्हणाले, तर तो नकार तिथल्या तिथे मान्य करा.

पुढच्या वर्षी तिने नीट प्रशिक्षण घेतले. माशांचा थवा पाहून आनंदाच्या भरात तिने अंगठा उंचावला, आणि प्रशिक्षक तिला थेट वर घेऊन आले, कारण पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला'. 'सगळे ठीक' सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. परतीचे विमान आम्ही मुद्दाम दुसऱ्या दिवशी सायंकाळचे घेतले होते; एकाहून अधिक वेळा उतरल्यावर किमान अठरा तास विमानप्रवास करायचा नसतो.

रेग्युलेटर तोंडाबाहेर असताना बारीक बुडबुडे सोडत राहायचे, हेही ती तिथेच शिकली. आता इथल्या तलावात मैत्रिणी नाक दाबून बसतात तेव्हा ही त्यांच्या शेजारी बुडी मारते आणि तोंडातून एकेक बुडबुडा सोडत, सावकाश वर येते.