पानी उनं?

नमस्कार श्रोतेहो. घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर आजचं बोलणं घरातल्या सुनांनी ऐकावं. मुलांनीही ऐकावं, पण ते कुठे कुणाचं ऐकतात!

आवाज कान ऐकतो, सूर मेंदू ओळखतो. पुन्हा सांगतो, आवाज कानाचा, सूर मेंदूचा. आता गोष्ट ऐका.

आमच्या गल्लीत एक आबा आहेत, अठ्ठ्याहत्तरीचे. कान तपासले, तर पास! मांजर दुधाच्या पातेल्याजवळ गेलं, तरी ओट्यावरून हाकलतात. वैशाखाचे दिवस, नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. सुनेनं गच्चीवरून समोरच्या मावशीला विचारलं, "मावशी, पानी उनं?" म्हणजे आपल्या अहिराणीत "पाणी आलं?" शेवटी सूर चढवून, आपण विचारतो तसं. आबांनी ऐकलं, "पानी उनं." झालं! हंडा, कळशी, भिजवलेल्या कपड्यांची बादली (कपडे ओट्यावर ओतून) सगळं नळाखाली. वर गल्लीला आरोळी, "पानी उनं रे!" पाच मिनिटांत घरोघरी भांडी वाजू लागली. दोघांनी तर मोटारी लावल्या, त्या कोरड्याच घरघरल्या. नळातून नुसती हवा फुसफुसली. सून धावत खाली आली, "आबा, मी इचारं ना!" आबा म्हणाले, "मंग 'का' लावाले पैसा लागतस का?"

शब्द आबांना नीट पोचला होता, शेवटचा चढ तेवढा पोचला नाही. कानातून निघालेला आवाज आधी मेंदूच्या देठाशी, म्हणजे मस्तिष्कस्तंभात जातो. बाईच्या आवाजात सेकंदाला साधारण 200 कंपनं असतात आणि तिथल्या पेशी त्याच तालावर ठोके देतात. वय झालं की हे ठोके मागेपुढे पडतात, मग सुराचा चढ नीट कळत नाही. तपासणीत शांत खोलीतली बारीक शिट्टी ऐकू आली की माणूस पास. हा ताल तिथे बघतच नाहीत. कानाचं मशीनही आवाज मोठा करतं, ताल लावून देत नाही. (वरातीतल्या डीजेनं तर तरुणांचेही कान जातात. आमच्या वेळी संबळ होता, लग्नं काय लागत नव्हती?)

आणि यात मातृभाषाही आली. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात 2005 साली डोक्याला तारा लावून पाहिलं, तर चिनी भाषिकांचा मस्तिष्कस्तंभ सुराचा चढउतार इंग्रजी भाषिकांपेक्षा जास्त चोख पकडत होता. चिनीत सूर बदलला की अर्थच बदलतो, म्हणून लहानपणापासूनची सवय. इतकं लांब तरी कशाला जायचं? सावद्याला केळी भरायला ट्रक घेऊन येणाऱ्या एखाद्या पंजाबी ड्रायव्हरला विचारा. त्यांच्या भाषेत घोडा, चाबूक आणि कुष्ठरोगी हे शब्द जवळपास सारखेच उच्चारतात, फरक सुराचा. आपल्या अहिराणीत, मराठीत सूर बहुतेक प्रश्नापुरता आणि रागापुरता. पण उतारवयात सूर ओळखणं चिनी म्हाताऱ्यांनाही जड जातंच.

तेव्हा आबांवर ओरडू नका. ओरडताना सगळंच वाक्य वर चढतं, त्यात प्रश्नाचा चढ कुठून कळणार? समोर बसा, सावकाश बोला, टीव्ही बंद करा आणि विचारायचं असेल तर 'का' लावा. मात्र एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर ते वयामुळे समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.