अर्ध्या कागदावरचं मत

मित्रहो, महाविद्यालयात कामगार इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकाबद्दल मुलांना काय वाटतं, ते विचारायचं कसं आणि आलेलं मत वाचायचं कसं, हा आजचा विषय. सुरुवात १८८४ सालच्या एका कागदापासून करतो. तो आपण बहुतेक सगळेच शिकवतो, आणि आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे, म्हणजे कारखान्यांतल्या कामाची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीपुढे, ठेवलं. रविवारची सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि कायमचा जायबंदी झाला तर पोटापाण्याची सोय हवी. यातली एकही मागणी मोघम नाही. पगार पंधरा तारखेला झाला की नाही, हे कोणीही सांगू शकतं.

आता आपल्या कार्यालयातल्या फायली उघडा. ‘सरांचे अध्यापन समाधानकारक आहे.’ ‘विषयाचे ज्ञान उत्तम आहे.’ या वाक्यांवर उद्या सकाळच्या तासाला काय बदलणार? काहीच नाही. दोष मुलांचा नाही, आपण विचारलंच तसं. नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, भरायचे पाच पर्यायांचे फॉर्म महाविद्यालयाला लागतात, ते भरलेच पाहिजेत. पण एका प्राध्यापकाला एक विषय नीट शिकवायला त्यांचा उपयोग फार थोडा.

भाषेचीही अडचण आहे. कुडाळ-मालवणकडचा मुलगा वर्गाबाहेर मित्राला सांगतो, ‘सर खूप भराभर सांगतत, लिवक गावना नाय.’ या एका वाक्यात वेगाची तक्रार आहे आणि टिपण घेता येत नाही ही माहितीही आहे. तोच मुलगा फॉर्मवर ‘अध्यापनाचा वेग मध्यम ठेवावा’ असं लिहितो, आणि टिपणाची गोष्ट गळून पडते. म्हणून कागदाच्या डोक्यावर एक ओळ छापा: ‘घरी बोलता तसं लिहिलंत तरी चालेल.’

कागद म्हणजे ए-फोरचा अर्धा तुकडा. पूर्ण पान दिलं की मुलं ते भरण्यासाठी लिहितात. प्रश्न चार पुरेत. आतापर्यंतचा कोणता तास समजला नाही, त्याचा विषय लिहा. दिलेल्या वाचनातलं काय वाचलं नाही आणि का. वर्गात वेगळं मत मांडलं तर पुढे काय होतं. पुढच्या पाच आठवड्यांत कोणती एक गोष्ट बदलावी आणि कोणती तशीच ठेवावी. पंधरा मिनिटांत हे लिहून होतं.

वेळ कोणती निवडता यावर बरंच अवलंबून आहे. सत्र संपताना विचारलेल्या मताचा उपयोग पुढच्या वर्गाला होतो, ज्याने लिहिलं त्याला काहीच मिळत नाही, हे मुलांना कळतं. सहावा-सातवा आठवडा बरा. आपल्याकडे पहिल्या सत्रात गणपती येतात. सुट्टीच्या आधीचे तीन-चार दिवस वर्ग अर्धा रिकामा असतो, म्हणून त्याच्याही आठवडाभर आधी उरका. अंतर्गत परीक्षेचे गुण लावले त्या आठवड्यात विचारू नका, कारण तेव्हा मत गुणांबद्दलच येतं. दिवसातला तासही पाहा. शेवटच्या तासाला कागद वाटले तर खाडीपलीकडची, एसटीची वेळ गाठणारी मुलं निघून गेलेली असतात. सर्वांत लांबून येणाऱ्यांची मतं मग आपल्याकडे येतच नाहीत, आणि वाचन का झालं नाही हे खरं त्यांनाच सांगता आलं असतं.

कागद वाटल्यावर प्राध्यापकाने वर्गाबाहेर जायचं. एका विद्यार्थ्याने कागद गोळा करून पाकीट सर्वांसमोर चिकटवायचं आणि दुसऱ्या विभागातल्या शिक्षकाकडे द्यायचं. अठरा मुलांच्या वर्गात नाव न लिहूनही अक्षर ओळखू येतं. म्हणून त्या शिक्षकाने मजकूर टाइप करून, क्रम बदलून द्यावा. बोली सुधारू नये, शब्दाला शब्द ठेवावा. गूगल फॉर्म वापरलात तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद करा. तरीही महाविद्यालयाच्या खात्यातून लॉगिन करावं लागलं की मुलांचा विश्वास उडतो. आमचं मत कागदाच्या बाजूने आहे. जात, धर्म, पालकांचा व्यवसाय हे रकाने अजिबात नकोत. लहान वर्गात दोन रकाने जुळवले की माणूस सापडतो. बागायतदाराची मुलगी आणि त्याच बागेत कामाला जाणाऱ्याचा मुलगा एका बाकावर बसत असतील, तर हे फार जपायला हवं.

आकड्यांबद्दल थोडं. अठरापैकी बारा मुलांनी पाचपैकी पाच दिले आणि सहा जणांनी दोन, तर सरासरी चार. अठराही जणांनी चार दिले तरी सरासरी चारच. पहिल्या वर्गात एक तृतीयांश मुलं हरवली आहेत, दुसऱ्यात सगळं बरं चाललंय, आणि अहवालात दोन्हींपुढे एकच आकडा. शिवाय अठराच्या वर्गात एका मुलाने पाचाऐवजी एक लिहिला तर सरासरी ०.२२ ने घसरते. तेव्हा गेल्या वर्षी ४.३ आणि यंदा ४.१ म्हणून कुणाला जाब विचारणं अन्यायाचं आहे. अकराच जणांनी लिहिलं आणि सगळ्यांनी पाच दिले, तर उरलेल्या सातांचा विचार करा. त्यांनी दोन-दोन दिले असते तर पाचाची सरासरी ३.८३ वर आली असती. सरासरीऐवजी किती जणांनी कोणता अंक दिला, ते सरळ मांडा आणि शेजारी पटावरची संख्या लिहा.

आता कामगार इतिहासाच्या वर्गात हमखास येणाऱ्या मतांकडे वळू. ‘सर एकाच बाजूचं सांगतात’ हे त्यातलं सर्वांत वजनदार, आणि याच मतावर प्राध्यापक सर्वांत जास्त दुखावतात. त्या एका वाक्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप घ्या. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. वाचनाच्या यादीत फक्त संपकऱ्यांची कागदपत्रं असतील, तर तक्रार यादीबद्दल आहे. मालकांची बाजू आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाची, म्हणजे गिरण्यांतल्या मान्यताप्राप्त युनियनची, भूमिका दाखवणारा एकेक कागद जोडा. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच प्रातिनिधिक संघटनेला दिला होता आणि संपाचे नेते दत्ता सामंत यांची मागणी त्या तरतुदीशीही भिडत होती, हे फळ्यावर मांडलं नाही तर सगळा संप मुलांना हट्टासारखा वाटतो. दुसरी शक्यता अशी की कागद दोन्ही बाजूंचे आहेत, पण वर्गात कुणी विरुद्ध बोललं की सर तीन वाक्यांत त्याला गप्प करतात. ते आपल्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत दिसतं. यादी वाढवून ते सुटत नाही, तिथे सरांनाच थांबायला शिकावं लागतं.

तिसरी शक्यता कोकणातली खास. त्या संपानंतर ट्रंक घेऊन गावी परतलेले आजोबा अनेक घरांत होते. कुणी युनियनला दोष देत राहिलं, कुणी मालकाला, कुणी काहीच बोललं नाही. मुलाने घरी ऐकलेलं आणि वर्गात ऐकलेलं जुळत नाही, म्हणून तो ‘एकांगी’ लिहितो. त्याला खोडायचं नसतं. ज्याला घरचं सांगायचं असेल त्याने लेखी आणावं असं सर्वांना सांगा, आणि ते इतर साधनांसारखंच तपासा: सांगणारा कोणत्या खात्यात होता, कायम होता की बदली (गैरहजर कामगाराच्या जागी लागणारा), संपात गावी आला की मुंबईत राहिला. कुणाला उभं करून ‘तुझ्या घरचं सांग’ म्हणू नका.

‘सारखी मुंबईच’ ही तक्रार बहुतेक वेळा रास्त असते. गावाकडचंही शिकवा. अलिबाग तालुक्यातल्या चरीचा शेतकरी संप २७ ऑक्टोबर १९३३ ला सुरू झाला आणि सहाएक वर्षं चालला. खोतांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, जमिनी कुळांनी कसल्या नाहीत. नारायण नागू पाटील त्याचे नेते. डॉ. आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरात विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. हा शेतीचा इतिहास, कामगारांचा नव्हे, असा आक्षेप येतो. पण घर एकच असायचं, एक भाऊ गावात कूळ आणि दुसरा परळमध्ये बदली. १९२८ चा संप सहा महिने तगला त्यात गावचा आधार मोठा होता. आणि आजचं विचारलंत तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटीवरचे परप्रांतीय खलाशी, आंबा बागेतला नेपाळी राखणदार, किलोवर मजुरी घेऊन काजू सोलणाऱ्या बाया हे सगळे आपल्या वर्गापासून बसच्या अंतरावर आहेत.

बाई शिकवत असतील तर मतांतली विशेषणं मोजा. ‘मॅडम प्रेमळ आहेत, समजून घेतात’ आणि ‘सरांचा अभ्यास दांडगा’ अशी वाटणी दिसली तर ती शिकवण्याची मोजणी नव्हे. अमेरिकेत एका ऑनलाइन अभ्यासक्रमात शिकवणाऱ्यांची ओळख अदलाबदल करून पाहिली होती. मुलांना जो पुरुष वाटला त्याला जास्त गुण पडले, मग खरा शिकवणारा कोणीही असो. तो अभ्यास २०१५ साली छापला गेला. पदोन्नतीच्या फायलीत मतं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात धरावं.

टाइप केलेला मजकूर मिळाल्यापासून आठवड्याच्या आत वर्गात दहा मिनिटं काढा. काय बदलणार आणि काय बदलणार नाही, दोन्ही सांगा. ‘इतक्या तारखा नकोत’ असं निम्म्या वर्गाने लिहिलं असेल, तर पाठ करायच्या तारखा कमी करा, पण १८८४ आणि १० जून १८९० या दोन ठेवा आणि का ठेवल्या तेही बोला. पहिली निवेदनाची, दुसरी रविवारच्या सुट्टीची. मधली जवळजवळ सहा वर्षं मुलांनी स्वतः मोजावीत.